अमीन सयानींचे ‘सहज’ विनोद खरोखरच सहज होते का?

सांगलीकर श्रोता (धागाकर्ता)

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी गेले, तेव्हा त्यांच्या आवाजाबद्दल भरभरून लिहिले गेले. परंतु हा माणूस किती मिश्कील होता, याचा उल्लेख मला फारसा आढळला नाही. कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ या हिंदी चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाच्या ज्या निवेदकामुळे आमचे सबंध घर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओभोवती बसून एकत्र हसत असे, त्याची आठवण केवळ ‘मखमली आवाज’ एवढ्यावर आटोपावी, हे मला पटत नाही. म्हणून हा धागा.

आमच्या सांगलीच्या वाड्यात वाल्व्हचा रेडिओ होता. तो तापून बोलू लागेपर्यंत वेळ जात असे, म्हणून वडील पावणेआठलाच खटका दाबून ठेवत. माळवदावर तांब्याच्या जाळीची एरियल होती आणि पावसाळ्यात तिच्यावर कावळे बसले की रेडिओ सिलोन त्यांच्यामुळेच खरखरते, अशी आमच्या शेजारच्या काकांची ठाम समजूत होती. आजीला हिंदी बेताचेच समजत असे, तरी ‘बहनों और भाइयों’ ऐकले की ती हातातली वात खाली ठेवून नीट सावरून बसायची. सगळे जग ‘भाइयों और बहनों’ म्हणत असताना हा गृहस्थ बायकांना आधी हाक मारतो, ही गोष्ट तिला फार भावली होती. एकदा ती आईला म्हणाली, “लंकेत राहून एवढं गोड कसं बोलतो गं हा?” तिच्या लेखी लंका म्हणजे रावणाचे गाव आणि तिथे बिभीषणानंतर सभ्य असा हा एकच.

दुसरी गंमत ‘पायदान’ या शब्दाची. सयानी गाण्याचा क्रमांक सांगताना ‘पायदान’ म्हणत. एखादे गाणे दोन पायदाने वर चढले, एखादे खाली घसरले, असा सगळा मामला असे. माझ्या धाकट्या बहिणीला पायदान म्हणजे टांग्याचे पायदान एवढेच ठाऊक होते. त्यामुळे दर बुधवारी सगळी गाणी धडपडत एका टांग्यात चढतात, काहींना जागा मिळते आणि काही बिचारी रस्त्यावर राहतात, असे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राही. खरे सांगायचे तर कार्यक्रमाचे याहून अचूक वर्णन मी आजवर वाचलेले नाही. सयानींनी गाण्यांना माणसांसारखे वागवले आणि त्यांच्या विनोदाचे मूळ तिथे आहे, असे माझे मत आहे.

आता मुख्य मुद्दा. पुढे मोठेपणी मला समजले की हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती कोलंबोला पाठवल्या जात. म्हणजे आपण ज्याला ‘बोलता बोलता सहज सुचलेले’ समजून हसलो, ते आधी लिहिलेले, वाचलेले, फितीवर घेतलेले आणि समुद्रापार जाऊन आलेले होते. हे समजल्यावर मला थोडी फसवणूक झाल्यासारखे वाटले होते आणि नंतर त्याच कारणाने आदर वाढला. आपला अनुभव काय आहे? निवेदकाच्या तोंडून निसटलेल्या गमतींच्या आठवणी असतील तर त्याही लिहाव्यात. मात्र ‘हल्लीच्या आरजेंना काही येत नाही’ या विषयासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

तबकडी

धागा आवडला. एक दुरुस्ती सुचवतो, कारण त्या दुरुस्तीतच एक विनोद दडला आहे. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारीच, गीतमाला सुरू झाली तेव्हा ती क्रमवारीचा कार्यक्रम नव्हती. अर्ध्या तासात सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवली जात आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून श्रोत्यांनी पत्राने कळवायचा, अशी ती स्पर्धा होती. अचूक उत्तराला १०० रुपयांचे बक्षीस होते. निवेदकाला आठवड्याचे मानधन होते २५ रुपये, आणि त्या पैशांत त्याने कार्यक्रम लिहायचा, तयार करायचा, सादर करायचा आणि आलेली पत्रेही तपासायची. जाणत्या मंडळींपैकी कोणी एवढ्या पैशांत एवढे काम अंगावर घेईना. म्हणून ते, वयाची वीस वर्षे पूर्ण व्हायला अठरा दिवस बाकी असलेल्या धाकट्या सयानींच्या गळ्यात पडले. थोरले सयानी, म्हणजे हमीद, तेव्हा इंग्रजी निवेदक म्हणून नावाजलेले होते.

पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. सयानी पुढे हा किस्सा रंगवून सांगत: आधी आनंदाने नाचावेसे वाटले आणि ही सगळी आपल्यालाच वाचायची आहेत हे ध्यानात आल्यावर डोके धरून बसावे लागले. मी सहज हिशेब केला. एका पत्राला दहा सेकंद धरले, तरी ९,००० पत्रांना पंचवीस तास लागतात. म्हणजे लिहिणे आणि बोलणे फुकट, आणि पत्रवाचनाची मजुरी तासाला एक रुपया. वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. तेव्हा स्पर्धा गुंडाळून १९५४ मध्ये सरळ क्रमवारीचा कार्यक्रम सुरू करण्यात आला. भारतातील पहिला मोठा ‘काउंटडाउन’ अशा रीतीने एका तरुणाची टपालातून सुटका करण्यासाठी जन्माला आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

माई

बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी निघत, त्यांची आठवण झाली. आमच्याकडे दात घासण्याचा उत्साह त्या प्राण्यांमुळे होता आणि गीतमाला ऐकण्याचा उत्साह भावंडांतील पैजांमुळे. भाऊ वहीत रकाने आखून दर आठवड्याचे क्रमांक लिहीत असे. त्याची गणिताची वही कोरी आणि गीतमालेची वही मात्र कव्हर घालून ठेवलेली, हे वडिलांना वार्षिक परीक्षेच्या निकालानंतर समजले.

शंकेखोर

धागाकर्त्यांचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या मते सयानींचा विनोद आपल्या स्मरणात आहे त्याहून बराच बेताचा होता. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यापूर्वी ते जी वातावरणनिर्मिती करत, ती त्या वयात थरारक वाटे. आज ऐकली तर ‘अहो, लावा आता गाणे’ असे म्हणावेसे वाटते. ‘सरताज’ गीतासाठी बिगूल वाजवणे हाही प्रकार मला लहानपणी भव्य वाटला आणि आता पोलीस परेड मैदानाची आठवण करून देतो. आपण हसत होतो, कारण सगळे घर एकत्र बसले होते आणि हसायला तयार होते. त्याचे श्रेय निवेदकाला किती द्यावे?

सांगलीकर श्रोता

शंकेखोर, घर एकत्र बसले होते हे खरे, परंतु ते बसले कोणामुळे? त्याच वेळी दुसऱ्या केंद्रांवरही काहीतरी चालूच होते. बिगुलाबद्दल मात्र आपले म्हणणे मान्य करतो. तो वाजला की आमच्या वाड्यातले कुत्रेही भुंकत असे. पण असे पाहा, ठराविक आठवडे यादीत टिकून राहिलेल्या गाण्याला सलामी देऊन सेवानिवृत्त करणे, ही कल्पनाच मुळात विनोदी आहे. तीन मिनिटांच्या चित्रपटगीताला सेनापतीचा मान द्यायचा आणि तो देताना आवाजात हसू येऊ द्यायचे नाही, हे सोपे नाही. सयानी तिथे हसले असते तर गंमत संपली असती.

निवृत्त निवेदक

मी एका प्रादेशिक आकाशवाणी केंद्रावर अनेक वर्षे निवेदनाचे काम केले, म्हणून ‘सहज’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

रेडिओवर जे सर्वांत सहज वाटते त्यावर बहुधा सर्वांत जास्त मेहनत घेतलेली असते. संहिता हातात असते, घड्याळ समोर असते, आणि कागद उलटल्याचा आवाज माइकने पकडू नये म्हणून पानाचा कोपरा आधीच दुमडून ठेवलेला असतो. विनोदी वाक्य लिहिणे हे अर्धेच काम. ते वाक्य आपल्यालाही आत्ताच सुचले असे ऐकणाऱ्याला वाटण्यासाठी त्याच्या अलीकडे किती थांबायचे, हे उरलेले अर्धे काम. थांबणे कमी पडले तर वाचल्यासारखे वाटते आणि जास्त झाले तर श्रोत्याला वाटते की केंद्र बंद पडले. सयानींना तो हिशेब अंगवळणी पडला होता. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा वर-खाली होत असताना हा हिशेब जमवणे अधिकच अवघड, कारण आपण साधलेली शांतता आणि वातावरणाने पळवलेला आवाज यांतला फरक ऐकणाऱ्याला समजावा लागतो. मला वाटते, त्यांच्या त्या लांबवलेल्या, गोलाईदार उच्चारांचे एक कारण हेही असावे: अर्धे अक्षर खरखरीत गेले तरी उरलेल्या अर्ध्यावरून शब्द ओळखता यायचा.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. ते सोप्या हिंदुस्थानीत असे आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तिन्ही लिप्यांत छापले जाई. लहानपणी अमीन त्या कामात हातभार लावत. नवसाक्षराला समजेल असेच वाक्य लिहायचे, ही शिस्त ज्याने घरात पाहिली, त्याचा विनोद कठीण शब्दांवर अवलंबून राहणार नाही, हे उघड आहे. धागाकर्त्यांच्या आजींना बेताचे हिंदी येऊनही त्या सावरून बसत, याचा उगम मला त्या पाक्षिकात दिसतो.

आता खरोखर निसटलेल्या वाक्याबद्दल. एकदा सकाळच्या थेट प्रसारणात भक्तिगीत संपले आणि फेडर (माइकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) खाली आहे या समजुतीत मी शिपायाला म्हणालो, “आज चहात साखर पडलीच नाही वाटतं.” फेडर वर होता. केंद्रप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला, तो मी दिला. त्यानंतर चार दिवसांनी एका खेड्यातून पोस्टकार्ड आले, त्यात एवढेच विचारले होते: “साखर मिळाली का?” माझ्या सबंध कारकिर्दीत श्रोत्यांनी लक्षात ठेवलेले माझे वाक्य बहुधा ते एकच असावे.

खरखर

“साखर मिळाली का?” हे वाचून कार्यालयात मोठ्याने हसलो आणि सहकाऱ्यांना खुलासा द्यावा लागला. तोंडी.

न्यू जर्सीचा वाटसरू

सयानींचा विषय निघाला की मला नेहमी त्यांच्या अमेरिकेतील समव्यवसायिकाची आठवण होते, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी लिहितो. ते विषयांतर नाही हे पुढे दिसेल.

इथे ‘अमेरिकन टॉप फॉर्टी’ नावाचा क्रमवारीचा कार्यक्रम ४ जुलै १९७० रोजी सुरू झाला. त्याचा निवेदक केसी केसम. डेट्रॉइटमध्ये लेबनीज वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या या माणसाचे पूर्ण नाव होते कमाल अमीन केसम. जन्मवर्ष १९३२. आपले अमीन सयानी यांचेही जन्मवर्ष १९३२. पृथ्वीच्या दोन बाजूंना एकाच वर्षी दोन अमीन जन्माला यावेत आणि दोघांनीही गाण्यांचे क्रमांक सांगून कोट्यवधी लोकांना रेडिओला खिळवून ठेवावे, या योगायोगाची कोणी ज्योतिषाने दखल घेतली असल्यास मला कळवावे. ‘स्कूबी-डू’ या कार्टूनमधल्या घाबरट शॅगीचा आवाजही याच केसम महाशयांचा.

त्यांचाही कार्यक्रम थेट नसे. तो आधी ध्वनिमुद्रित होई, त्याच्या तबकड्या निघत आणि त्या देशभरातील केंद्रांकडे पाठवल्या जात. त्यांचे बोलणेही असेच घोटून सहज केलेले, अतिशय सभ्य, आर्जवी आणि घरातील वडीलधाऱ्यासारखे. त्यांच्या कार्यक्रमात एक सदर असे: श्रोत्याने पत्र लिहून दूरच्या प्रिय व्यक्तीसाठी एखादे गाणे अर्पण करायचे आणि केसम ते पत्र हळव्या आवाजात वाचून दाखवायचे. १९८५ मध्ये एका ध्वनिमुद्रणात त्यांच्यापुढे ओहायोतील एका श्रोत्याचे पत्र आले. त्याचा स्नगल्स नावाचा लाडका कुत्रा मरण पावला होता. अडचण अशी की त्याच्या लगेच आधीचे गाणे नाचायला लावणारे, जोरदार ठेक्याचे होते. केसमनी आवाज हळवा केला, दोन वाक्ये वाचली आणि मग त्यांचा तोल सुटला. उडत्या चालीच्या गाण्यातून बाहेर पडून लगेच मेलेल्या कुत्र्याबद्दल कसे बोलायचे, हा कार्यक्रम जुळवणारा कोण आहे, मृत्यूचे पत्र असेल तेव्हा आधी संथ गाणे ठेवा हे किती वेळा सांगायचे, अशी त्यांनी जी सरबत्ती केली, तिच्यातील विशेषणे मी या सभ्य व्यासपीठावर लिहू शकत नाही. हे अर्थातच प्रसारित झाले नाही. परंतु ती फीत बाहेर फुटली आणि हातोहात फिरली. त्या जन्मभर मृदू बोलणाऱ्या माणसाचे सर्वांत प्रसिद्ध झालेले दोन मिनिटांचे बोलणे शेवटी तेच ठरले.

मला यात सर्वांत गमतीचे वाटते ते हे की केसमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. सूर कुठून कुठे न्यायचा याची काळजी निवेदक करत होता, म्हणूनच तो संतापला. ज्याला ‘सहज’चे मोल ठाऊक नसते, तो अशा वेळी पत्र वाचून मोकळा होतो.

निवृत्त निवेदक

वाटसरू, आपला शेवटचा परिच्छेद मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. एकाने कबूल केले की शोकवार्तेनंतर लावणी लागल्याचा प्रसंग त्याच्या हातून घडला होता आणि तेव्हा त्यानेही बंद माइकसमोर असेच उद्गार काढले होते. सुदैवाने त्याचा फेडर खाली होता.

शंकेखोर

केसमची गोष्ट फारच मजेदार आहे आणि तिच्यामुळे माझा मुद्दा अधिक धारदार होतो. आपल्याला केसमचा मुखवटा निसटलेला ऐकायला मिळाला. सयानींची मात्र धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेली फीत तेवढी आपल्यापर्यंत पोहोचली. मग त्यांना ‘मिश्कील’ म्हणण्यासाठी आधार कोणता?

तबकडी

आधार हा की ते हसायचे ते बहुतेक वेळा स्वतःला. त्यांनी सांगितलेल्या आठवणी तपासून पाहाव्यात. आकाशवाणीने हिंदी निवेदकाच्या चाचणीत त्यांना नापास केले होते, कारण त्यांच्या उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाया होती. हे ते स्वतःच सांगत. पुढे ज्या माणसाची हिंदी ऐकून देशभरातील लोक बोलायला शिकले, त्याने आपले नापासाचे प्रगतिपुस्तक असे भिंतीवर लावून ठेवावे, यात मिश्कीलपणा नाही तर काय आहे?

रेडिओवरील त्यांची सुरुवातही अशीच. सेंट झेवियर्समध्ये शिकत असताना ते ‘ओव्हलटीन फुलवारी’ या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाला प्रेक्षक म्हणून जाऊन बसत. एक दिवस जाहिरात वाचणारा आलाच नाही आणि निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी प्रेक्षकांतून यांना उभे केले. यांनी ती जाहिरात इतक्या दणदणीत आवाजात वाचली की श्रीवास्तवांना ‘जरा हळू’ म्हणावे लागले. मोबदला काय, तर दर आठवड्याला ओव्हलटीनचा एक डबा. सयानींची पहिली कमाई अशा प्रकारे गरम दुधात ढवळून प्यायची होती.

आणि अमिताभ बच्चन यांचा किस्सा तर सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटांत येण्यापूर्वी ते आवाजाच्या चाचणीसाठी सयानींच्या कार्यालयात गेले होते. भेटीची वेळ ठरलेली नव्हती आणि सयानी तेव्हा आठवड्याला वीसेक कार्यक्रम करत असल्याने भेट झाली नाही. पुढे यावर सयानी म्हणत, त्याचा मथितार्थ असा: झाले ते दोघांच्याही भल्याचे झाले, नाहीतर रेडिओची सगळी कामे त्यांना मिळून मी रस्त्यावर आलो असतो आणि चित्रसृष्टी एका मोठ्या नटाला मुकली असती. आपल्या चुकीचे रूपांतर दोन्ही बाजूंच्या कौतुकात करायला विलक्षण हजरजबाबीपणा लागतो. हे काही संहितेत लिहून आणलेले नव्हते.

शंकेखोर

हा किस्सा त्यांनी इतक्या मुलाखतींत सांगितला आहे की एव्हाना त्याचीही संहिता तयार झाली असणार. तरीही आपला मुद्दा मान्य. नापासाचे प्रगतिपुस्तक भिंतीवर लावणारा माणूस मला आवडतो.

पायदान क्रमांक तीन

आमच्या पेठेतील गणेशोत्सवातील एक आठवण. १९८० च्या आसपास प्रत्येक ऑर्केस्ट्राचा सूत्रसंचालक स्वतःला अमीन सयानी समजत असे. आमच्या मंडळातही एक हौशी गृहस्थ होते. गाण्यांपर्यंत ठीक होते, परंतु वर्गणीदारांचे सत्कारही त्यांनी त्याच थाटात सुरू केले. “बहनों और भाइयों, पिछले साल पाँचवीं पायदान पर रहनेवाले, इस साल एक सौ एक रुपये देकर सीधे दूसरी पायदान पर…” असे म्हणत त्यांनी एका किराणा दुकानदाराला व्यासपीठावर बोलावले. दुकानदार खूश झाले. मात्र ज्यांची दुसरी पायदान गेली, त्या कापडवाल्यांनी तिथल्या तिथे एकावन्न रुपये वाढवून दिले. मंडळाने पुढची तीन वर्षे त्याच सूत्रसंचालकाला नारळ आणि शाल दिली.

सयानींची नक्कल सगळ्यांना येत असे, हे खरे तर त्यांच्या शैलीचे मोजमाप आहे. पण त्या नकलांत आवाज असे आणि संयम नसे. नक्कल करणारा प्रत्येक वाक्याला बिगूल वाजवी, सयानी तो राखून ठेवत.

माई

किशोर कुमार यांच्याबरोबरच्या त्या कार्यक्रमाचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? सयानींच्या एका कार्यक्रमात किशोर कुमार आले आणि त्यांनी स्वतःच स्वतःची मुलाखत घेतली: लहान किशोर वेगळा, तरुण वेगळा, म्हातारा वेगळा, आणि सगळे आवाज त्यांचेच. दुसरा निवेदक असता तर मध्ये मध्ये बोलून ‘कार्यक्रम माझा आहे’ हे दाखवत राहिला असता. सयानींनी त्यांना मोकळे सोडले. मला हाही त्यांच्या विनोदबुद्धीचाच भाग वाटतो. समोरचा आपल्याहून गमतीदार असेल तर त्याला वाट करून देणे, हे फार थोड्यांना जमते. आमच्या घरी पाहुणे आले की एकच काका बोलत, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना हे पटेल.

खरखर

क्रमवारी कशी ठरे, यावरही दोन ओळी हव्यात, कारण गंमत तिथेही होती. सुरुवातीला श्रोत्यांच्या फर्माइशी मोजल्या जात, पुढे तबकड्यांच्या दुकानांतून विक्रीचे आकडे घेतले जाऊ लागले आणि त्याला श्रोता संघांच्या मतांची जोड मिळाली. निकाल कधीकधी चकित करणारा असे. १९५७ च्या वार्षिक क्रमवारीत मोठमोठ्या संगीतकारांची गाणी मागे टाकून पहिले आले ते ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक धाटणीच्या चित्रपटातील, एस. एन. त्रिपाठी यांच्या संगीतातील गाणे. अशा निकालामुळेच सयानींच्या लांबणीला अर्थ होता. उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असते तर ते लांबवणे रटाळ झाले असते.

झुमरी तलैया हे नावही इथे यायलाच हवे. तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील या अभ्रकाच्या खाणींच्या गावातून रेडिओकडे इतक्या फर्माइशी जात की पुष्कळ लोकांना ते गावच निवेदकांनी रचलेले वाटे. माझ्या एका मामांनी रेल्वेच्या वेळापत्रकात ते शोधले होते. सापडल्यावर ते थोडे हिरमुसले.

न्यू जर्सीचा वाटसरू

धागाकर्त्यांना एक प्रश्न राहून गेला. तुमच्या आजींना पुढे कधी कळले का, की सयानी लंकेत राहत नव्हते?

सांगलीकर श्रोता

कळले, आणि ते मीच सांगितले. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्माने पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत असल्याने आकाशवाणीवर ती गाणी दुर्मीळ झाली आणि श्रोते सुया फिरवत फिरवत रेडिओ सिलोनवर पोहोचले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तरी गीतमाला कोलंबोहूनच येत राहिली. मधल्या काळात बिनाकाची ‘सिबाका’ झाली, ते नाव आमच्या घरात कोणाच्याही तोंडी बसले नाही. आणि शेवटी १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला.

मी नोकरीनिमित्त मुंबईत राहू लागल्यावर एका सुट्टीत घरी गेलो असता आजीला हे सगळे समजावून सांगितले: गाणी मुंबईत तयार होतात, अमीन सयानीही मुंबईतच राहतात, तिथेच बोलतात, मग ती फीत विमानाने लंकेला जाते आणि तिथून आवाज परत आपल्याकडे सांगलीला येतो. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. नंतर वात वळत म्हणाली, “म्हणजे मुंबईहून सांगलीला यायला त्याला लंकेवरून यावं लागतं? मारुतीला तरी जाताना काही काम होतं.”